जाळलेला दगड

ब्रेडमूर, सास्काचेवान
१४ नोव्हेंबर १९८३

प्रिय ओरिसिया,

पाकिटावरचा शिक्का पाहून दचकली असशील. तो मीच मारला. गेली एकवीस वर्षं ब्रेडमूरचं पोस्ट माझ्या ताब्यात आहे, गावातलं एकूण एक पत्र माझ्या हातातून जातं, आणि तरी तुला एक ओळ टाकायला मला पस्तीस वर्षं लागली. यावर तू काय बोलशील ते मला इथे ऐकू येतंय. ते बोलून झालं असं धरू आणि पुढे जाऊ.

पुढच्या उन्हाळ्यात गावाला पंचाहत्तर वर्षं होतायत, म्हणून पुस्तक निघतंय. प्रत्येक घराने आपापलं पान लिहायचं. शाळा, चर्च, स्टेशन या सगळ्यांच्या जागा समितीने वाटून घेतल्या. कर्लिंग क्लब माझ्या गळ्यात पडला. बाबांमुळे असेल. क्लबचे अध्यक्ष म्हणून त्यांचा फोटो अजून तिथे भिंतीवर आहे.

क्लब म्हणजे आता नुसती इमारत. शेजारच्या हार्लन गावात यंत्राने बर्फ गोठवायला लागल्यापासून आपल्याकडे खेळायला कोणी येईना, आणि चार वर्षांपूर्वी कुलूप लागलं. नगरपालिका तिथे खताची पोती ठेवते, रस्त्यावर बर्फ साठू नये म्हणून लावायच्या लाकडी जाळ्या ठेवते, आणि चर्चच्या नाताळच्या देखाव्यातले दोन लाकडी उंटही तिथेच मुक्कामाला आहेत. गुरुवारी किल्ली घेऊन गेले होते. फळ्यावर शेवटच्या सामन्याचे गुण तसेच आहेत. नियमांची पाटीही आहे, पहिल्या इमारतीच्या आगीतून वाचलेली.

समितीत वेकफील्ड नावाचा एक तरुण मास्तर आहे, टोरंटोकडचा; बर्फावरून दगड सरकवत वर्तुळात नेण्याचा आपला खेळ त्याने कधी पाहिलेला नाही. पाटीवर 'जाळलेला दगड' वाचून त्याने मला अगदी गंभीरपणे विचारलं, ग्रॅनाइट जळतो का? मी म्हटलं, अरे, सरकत्या दगडापुढचा बर्फ घासताना त्याला आपल्याच माणसाचा झाडू नाहीतर पाय लागला की तो दगड जळला म्हणायचं. ज्याने जाळला त्यानेच लगेच हात वर करून सांगायचं, दुसऱ्याने बोट दाखवायची वाट बघायची नाही. आणि त्या दगडाचं पुढे काय करायचं, खेळातून काढायचा की राहू द्यायचा, ते समोरचा कप्तान ठरवणार. मास्तर म्हणाला, आणि कोणी सांगितलंच नाही तर? मी म्हटलं, मग तो ब्रेडमूरचा नाही. किती मिजासखोर माणसं आपण.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. ओसिपकाकांचा क्लबमधला एखादा फोटो, आणि ते बर्फ कसा करायचे ते. त्यांच्यासारखा बर्फ पुन्हा कोणाला जमला नाही, हे मी लिहिणारच आहे. ते कसे आहेत? आहेत ना?

आगीबद्दल दोनच ओळी घालणार आहोत. त्याची काळजी करू नकोस.

तुझी जुनी कप्तान,
म्युरिएल

*

एडमंटन
२८ नोव्हेंबर १९८३

म्युरिएल डॅलग्लिश, पोस्टमास्तर, ब्रेडमूर यांस,

तुमचं पत्र मिळालं. माझा पत्ता तुम्हाला कोणी दिला ते कळवावं.

वडील हयात आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, इथल्या युक्रेनी वृद्धाश्रमात असतात. त्यांना जुनं काही आठवत नाही. फोटो नाही. बर्फ ते पाण्याचा करत.

तुम्ही लिहिता, काळजी करू नकोस. तुमचं पत्र येईपर्यंत मी करत नव्हते. आगीबद्दलच्या त्या दोन ओळी कोणत्या, त्या कोणी लिहिल्या आणि त्यात कोणाचं नाव आहे, हे मला शब्द न शब्द हवं. आमचं नाव तुमच्या गावात तोंडी फिरलं तेवढं पुरे झालं. छापलेलं पुस्तक घराघरात जातं आणि माणसं मेल्यावरही कपाटात राहतं. वडिलांना वाचता येतं, हेही लक्षात असू द्यावं.

ओरिसिया ह्नातिव

ता.क. हे पाकीट मी दोनदा डिंक लावून बंद केलं आहे.

*

ब्रेडमूर
९ डिसेंबर १९८३

ओरिसिया,

तुम्ही? मला? ज्या मुलीच्या डब्यातले बटाटा भरलेले पेरोहे मी चार वर्षं रोज खाल्ले तिने मला 'तुम्ही' म्हणावं? आणि डिंक दोनदा कशाला लावलास ते कळलं नाही. पत्र मलाच होतं. मी ते वाफेवर उघडलं नाही, सुरीने उघडलं.

पत्ता तुमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनी दिला. मी मागितला, त्यांनी दिला. यात कट कसला?

ओळी हव्यात तर घे: '२३ फेब्रुवारी १९४७ रोजी, रविवारी सकाळी, रखवालदाराने पेटता ठेवलेल्या स्टोव्हमुळे क्लबची पहिली इमारत जळाली. कोणी दगावलं नाही.' मी लिहिलेल्या नाहीत, क्लबच्या इतिवृत्ताच्या वहीतून उतरवल्या आहेत. नाव कुठेही नाही, बघ. ते मी मुद्दाम गाळलं.

आता तू विचारलंस तर मीही विचारते. काकांना जुनं काही आठवत नाही म्हणतेस, ते तसंच आहे, की मला सांगायचं नाही? त्या सकाळी सगळं गाव आमच्या चर्चमध्ये होतं. तुमचे पाद्री महिन्यातून एकदाच यायचे, त्यामुळे काका घरी होते, म्हणजे क्लबच्या मागेच. घंटा वाजून आम्ही धावत पोहोचलो तोवर त्यांनी बत्तीसपैकी तेवीस दगड बाहेर काढून ओळीने लावून ठेवले होते. तेव्हा लोक म्हणायचे, इतकं सगळं एकट्याने, इतक्या लवकर, ते कसं? मी म्हणत नाही. लोक म्हणायचे ते सांगते आहे.

खरं सांग, तू कशाला घाबरतेस?

म्युरिएल

*

एडमंटन
२० डिसेंबर १९८३

म्युरिएल डॅलग्लिश यांस,

क्लबला रखवालदार एकच होता. नाव गाळून तुम्ही कोणावर उपकार केलेत?

कशाला घाबरते ते सांगते. तुम्ही कधी विचारलंच नाही म्हणून छत्तीस वर्षांनी सांगते.

शनिवारी अंतिम सामना संपला आणि तुम्ही सगळे जेवणासाठी चर्चच्या तळघरात गेलात. बाबांनी स्टोव्ह विझवला. राख मी स्वतः बादलीत भरून मागच्या कुंपणापाशी ओतली. माझे हात राखाडी झाले म्हणून आई ओरडली, इतकं मला आठवतं. रविवारी सकाळी तो स्टोव्ह दगडासारखा थंड होता. धूर निघाला तो पाण्याच्या टाकीकडच्या भिंतीतून, स्टोव्हच्या बरोबर उलट्या बाजूने. बाबांनी तो खिडकीतून पाहिला. आत शिरून त्यांनी दगड उचलले नाहीत, एकेकाला ढकलून बर्फावरून मागच्या दारापर्यंत घसरत नेलं. म्हणून तेवीस निघाले. पितळी मुठी तापल्या होत्या. त्यांच्या दोन्ही तळव्यांची कातडी निघाली. पाव कापताना ते अजून सुरी दोन बोटांत धरतात. तुम्ही 'इतक्या लवकर कसं' विचारता, त्याचं उत्तर हे.

मी पंधरा वर्षांची होते. राखेचं मी क्लबच्या समितीपुढे जाऊन सांगितलं. कोणीतरी म्हणालं, पोर बापासाठी बोलणारच. अध्यक्षांच्या खुर्चीत तुमचे वडील होते. ते टेबलाकडे बघत बसले.

आणि तुमच्या पुस्तकात हेही घाला, कारण ती इमारतीचीच गोष्ट आहे. नवा क्लब बांधायला गावाने श्रमदान केलं तेव्हा बाबा रोज जायचे. हातांना चिंध्या गुंडाळून खिळे ठोकायचे. त्यांना कोणी नको म्हणालं नाही, आणि कोणी त्यांच्याशी बोललंही नाही. छप्पर चढलं, आणि बर्फ करायला माणूस आणला हार्लनहून. तेव्हा आम्ही सामान बांधलं.

तुमचे मास्तर विचारतात ना, कोणी सांगितलंच नाही तर काय? अंतिम सामन्यातला शेवटचा दगड तुमच्या वडिलांच्या झाडूने जळला होता हे त्या दिवशी निम्मं गाव कुजबुजत होतं. त्यांनी हात वर केला नाही. चषक घेतला. तुमच्या पाटीवरचा नियम अध्यक्षांना लागू नव्हता वाटतं.

ओरिसिया ह्नातिव

*

ब्रेडमूर
३० डिसेंबर १९८३

ओरिसिया,

राखेचं मला ठाऊक नव्हतं. तू समितीपुढे गेली होतीस हेही नाही. ते वाचून मी दुपारी पोस्टाची खिडकी तासभर आधीच बंद केली.

पण बाबांबद्दल जे लिहिलंस ते मी ऐकून घेणार नाही. त्यांनी हात वर केला. उशिरा केला, पण साऱ्या गावासमोर केला, आणि तू तेव्हा इथे नव्हतीस. पुरावा माझ्यासमोर उघडा आहे.

मार्च १९६१, मोसम संपतानाचं जेवण. नव्या क्लबचा वरचा हॉल, ऐंशी माणसं. सत्तेचाळीसच्या अंतिम सामन्यात ज्यांना हरवलं होतं तो हार्लनचा संघही बोलावलेला. जेवण वाढून झालं आणि बाबा उठले. भाषणं करणाऱ्यांतले ते नव्हेत, म्हणून चमचे थांबले. चिटणिसाने शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत: 'सत्तेचाळीस सालची गोष्ट आहे. तो मी जाळला. त्याच वेळी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. माझं दुसऱ्या कोणालातरी भोगावं लागलं. आज सांगतो आहे.'

हार्लनचा म्हातारा कप्तान टेबलाला वळसा घालून आला, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, 'गॅविन, चौदा वर्षं एका दगडाचं ओझं घेऊन फिरलास होय रे?' आणि हॉल टाळ्यांनी नुसता दणाणला. लोक उभे राहिले. मी रडले. बाबा काहीतरी बोलायला गेले, पण पाठीवर थापा, हातात व्हिस्की, कोणी ऐकू देईल तर ना. ते बसले ते ताटाला न शिवता बसले. घरी लवकर निघून आले. दोन वर्षांनी गेले.

सामना चोरल्याची अशी कबुली किती माणसं देतात? आता तेवढं वाक्य तुझ्या पत्रातून खोडलंस असं समजते. काकांनाही वाचून दाखव. त्यांना काही आठवत नसलं तरी.

म्युरिएल

*

एडमंटन
७ जानेवारी १९८४

म्युरिएल,

आज आमचा, जुन्या पंचांगाचा नाताळ. काल संध्याकाळी बाबांना घरी आणलं होतं. जेवण झाल्यावर तुमचं पत्र त्यांना वाचून दाखवलं. खरं तर त्यांना सगळं आठवतं. मी खोटं लिहिलं होतं; तुम्हाला काय हवंय ते कळल्याशिवाय मला ते तुमच्या हाती द्यायचे नव्हते.

ऐकून झाल्यावर ते मला म्हणाले, 'लिही तिला. तो दगड जळला नव्हता.'

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नाही. मी पुन्हा वाचलं. ते चिडले. त्यांनी सांगितलं ते असं: शेवटच्या दगडाच्या वेळी मोजपट्टी घेऊन ते वर्तुळापाशीच उभे होते, गॅविनपासून हातभर अंतरावर. तो बर्फ त्यांनीच सकाळी केला होता, वर शिंपडलेल्या पाण्याचा दाणा ताजा होता. झाडूची एक काडी जरी दगडाला लागली असती तरी दगड किंचित अडखळला असता, आणि ते त्यांना दिसलं असतं. दगड अडखळला नाही. लोक दुसऱ्या टोकाकडून बघत होते, त्यांना काय दिसणार? कुजबुज सुरू झाली तेव्हा बाबांनी तिथेच चौघांना सांगितलं होतं की दगड स्वच्छ आहे. पण दुसऱ्या दिवशी क्लब जळाला, आणि त्यानंतर त्यांच्या शब्दाला कोण विचारतो.

'गॅविनवर खोटा आळ नको,' असं ते दोनदा म्हणाले. पुस्तकात घालायला लावलंय. घाला.

आता मी विचारते, आणि मी शिवणकाम करणारी बाई आहे, वकील नाही. जो दगड जळलाच नव्हता, तो जाळल्याची कबुली तुमच्या वडिलांनी ऐंशी माणसांपुढे का द्यावी? त्यांनी 'दगड' म्हटलं होतं का? वही तुमच्याकडे आहे. मी तुमचंच पत्र तीनदा वाचलं. 'दगड' म्हणाला तो हार्लनचा कप्तान.

सत्तेचाळीस साली ब्रेडमूरमध्ये आणखी काय जळलं होतं?

ओरिसिया

*

एडमंटन
११ फेब्रुवारी १९८४

म्युरिएल,

पाच आठवडे झाले. पोस्टमास्तरणीचं पत्र वाटेत हरवलं असं मी समजत नाही.

एक मार्चला छपाई सुरू होते असं तुमच्या पाद्रीबाबांकडून कळलं. मीही पत्ते मागू शकते. त्या दोन ओळी छापून मोकळ्या व्हाल आणि मग मला एक सुंदर प्रत पाठवाल, असं मला वाटू लागलंय. पाठवू नका.

बाबांना जानेवारीअखेर छातीचा त्रास झाला. आता बसतात. रोज विचारतात, पोरीचं उत्तर आलं का. पोरगी म्हणजे तुम्ही.

ओ.

*

ब्रेडमूर
२० फेब्रुवारी १९८४

ओरिसिया,

तुझं सात जानेवारीचं पत्र मी खिडकीपाशी उभ्याने वाचलं आणि गल्ल्याच्या खणात टाकून खण बंद केला. तो तीन आठवडे उघडला नाही. तिकिटं मी दुसरीकडून देत होते. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

वहीत 'दगड' नाही. मी पन्नासदा पाहिलं.

मग मी क्लबमध्ये गेले. दोन्ही उंट सरकवले, खताची पोती वेकफील्ड मास्तरला हलवायला लावली, आणि पाण्याच्या टाकीमागची भिंत उघडी केली. नव्या इमारतीचं ते काम बाबांनी एकट्याने केलं होतं, कोणाला हात लावू दिला नव्हता. आम्हाला वाटायचं, अध्यक्षांची हौस. त्या भिंतीला जमिनीपासून छपरापर्यंत पत्रा ठोकलाय. पाइपामागे दुहेरी. आत थंडी अडवायला भरतात तो भुसा नाही, बाकी सगळ्या इमारतीच्या भिंतींत भुसा आहे. मग मी स्टोव्हच्या मागे पाहिलं. तिथे नुसतं लाकूड. पत्र्याचा एक तुकडा नाही.

ओरिसिया, पहिला क्लब स्टोव्हने जळाला असं ज्याला वाटत असेल, तो माणूस पत्रा स्टोव्हमागे ठोकेल.

मास्तर माझ्याकडे बघत होता. त्याला काही कळलं नव्हतं. मी एका उंटावर बसले.

आता माझं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या रविवारी बाबा चर्चमध्ये उशिरा आले. दुसरं स्तोत्र चालू होतं. माझ्या शेजारी बसले तर त्यांना रॉकेलचा वास येत होता, आणि उजव्या हातमोज्याचा अंगठा करपलेला होता. त्या दुपारी हार्लनच्या संघाला निरोपाचं जेवण क्लबमध्येच होतं, आणि त्या थंडीत टाकीचा पाइप एक दिवसाआड गोठायचा. काका गरम पाण्याच्या चिंध्या गुंडाळून तासभर बसायचे. बाबांना तासभर बसणं कधी जमलं नाही. त्यांच्या कोठारात धातू तापवायचा, रॉकेलवर चालणारा ब्लोटॉर्च होता. त्याची ज्योत भिंतीला लागली तर आतला भुसा धुमसत राहतो, वर काही दिसत नाही, आणि माणूस पाइप मोकळा करून खुशाल चर्चला जाऊ शकतो. मी हे पाहिलेलं नाही, म्हणून पुस्तकातही पाहिल्यासारखं लिहिलेलं नाही. पण हातमोजा मी पाहिला. सोमवारी आईने तो चुलीत टाकला. मी विचारलं तर म्हणाली, कढईला लागला होता. बाबा स्वयंपाकघरात कधी कढईला हात लावत नसत. मी पंधरा वर्षांची होते आणि मी पुन्हा विचारलं नाही.

मी तुला नोव्हेंबरात पत्र लिहिलं ते बर्फासाठी नव्हतं. तुम्हाला किती ठाऊक आहे ते मला बघायचं होतं. काकांना काही आठवत नाही असं तू लिहिलंस, तेव्हा मला हायसं वाटलं. ही गोष्ट मी देवाला सांगितली नाही, तुला सांगते आहे. मला स्वतःची लाज वाटते.

एकसष्टच्या त्या जेवणाबद्दल मी रोज विचार करते. ते उभे राहिले, खरं बोलले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. कर्लिंग खेळणाऱ्या ऐंशी माणसांना 'जाळला' म्हटल्यावर दुसरं काही सुचेल कसं? पण ओझं उतरवायचं होतं तर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगू शकले असते. नाही सांगितलं. टाळ्या गोड लागल्या असतील, किंवा दुसऱ्यांदा उठायचं बळ नसेल. माझ्या बापाची मी एवढीच बाजू घेते.

परवा समितीपुढे सगळं वाचून दाखवलं. दोघं उठून गेले. एक बाई म्हणाली, मेलेल्या माणसाला कशाला उकरतेस. मी म्हटलं, एक जण जिवंत आहे. वेकफील्ड मास्तरने सगळ्यात आधी हात वर केला, मग बाकीच्यांनी हळूहळू केले. भिंतीवरचा फोटो मी उतरवलेला नाही.

सोबत पान आहे, माझ्या सहीचं. त्यात तुझी राख आहे, काकांचे हात आहेत, चिंध्या बांधून ठोकलेले खिळे आहेत, हार्लनहून आणलेला माणूस आहे, पत्रा आहे, हातमोजा आहे, आणि बाबांचे शब्द आहेत. 'रखवालदार' हा शब्द कुठेही नाही.

तो आम्ही जाळला, ओरिसिया. बाबांनी इमारत जाळली आणि मी छत्तीस वर्षं झाडू मागे लपवून उभी राहिले. मी हात वर करते आहे.

नियम तुला ठाऊक आहे. पुढचं समोरचा कप्तान ठरवतो. गॅविन डॅलग्लिश हे नाव त्या पानावरून आणि क्लबच्या भिंतीवरून काढायचं की राहू द्यायचं, ते ओसिपकाकांनी सांगायचं. ते म्हणतील तसं छापलं जाईल. मला एकोणतीस तारखेपर्यंत कळव, आणि पत्र तिथल्या मोठ्या पोस्टात टाक, तिथून लवकर निघतं.

म्युरिएल

*

एडमंटन
२५ फेब्रुवारी १९८४

म्युरिएल,

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी वृद्धाश्रमात जाऊन बाबांना वाचून दाखवलं. पान तीनदा वाचायला लावलं. हातमोज्याच्या जागी त्यांनी डोळे मिटले, पण पुढे वाच म्हणाले.

सगळं झाल्यावर मला वाटलं आता ते रडतील, किंवा शिव्या तरी देतील. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. ते म्हणाले, 'पत्रा दुहेरी आहे म्हणते ना? खिळे गंजलेत का, ते विचार.' मग म्हणाले, 'टाकीपाशी आग आणू नको हे मी गॅविनला दहादा सांगितलं होतं. ऐकायचा नाही. पण पत्रा चांगला ठोकला त्याने.' आणि मग खिडकीकडे तोंड करून ते रडले. मीही रडले. छत्तीस वर्षं मला वाटत होतं की त्यांना आता काही वाटत नाही.

तुझा मला अजून राग आहे. हायसं वाटलं लिहिलंस, त्या ओळीचा सगळ्यात जास्त. तो इतक्यात जाणार नाही, आणि गेला नाही म्हणून मी 'तुम्ही' म्हणणार नाही. उन्हाळ्यात बाबांना आणीन. प्रवास झेपला तर. त्यांना ती भिंत हाताने चाचपून बघायची आहे. पेरोहे मी करून आणीन, तू खाऊ नकोस.

तू नोव्हेंबरात विचारलं होतंस ते त्यांनी सांगितलंय. पाणी विहिरीचं घ्यायचं नाही, बर्फ वितळवून घ्यायचं. चांगलं गरम करायचं. बारीक भोकांच्या झारीने शिंपडत उलट्या पावली मागे मागे जायचं, म्हणजे आपली पावलं आपल्या कामावर पडत नाहीत. दाणा धरेपर्यंत दार उघडायचं नाही, अध्यक्ष आला तरी.

आणि निकाल. मी त्यांना विचारलं, नाव काढायचं की ठेवायचं? त्यांनी सांगितलं ते असं: 'राहू दे. फोटोही राहू दे. पण खाली माझी एक ओळ घाल, आणि माझं काम काय होतं ते नीट लिही.'

ती ओळ त्यांनी स्वतः लिहिली आहे. अक्षर वाकडं आहे, पेन दोन बोटांत धरतात. इथे खाली मी ती उतरवते, त्यांचा कागद सोबत आहे. एक शब्द बदलू नकोस.

'१९४७ च्या अंतिम सामन्यात गॅविन डॅलग्लिशचा शेवटचा दगड जळलेला नव्हता. मी हातभर अंतरावर होतो. ओसिप ह्नातिव, बर्फ करणारा, ब्रेडमूर कर्लिंग क्लब.'

ओरिसिया